सलतंय, खुपतंय, अडकलंय: शरीरात गेलेली वस्तू ओळखायची कशी आणि काढायची कशी

काटा बोटात जातो, काचेचा कण टाचेत, मणी मुलाच्या नाकात, बटण सेल (घड्याळ-रिमोटमधली चपटी गोल बॅटरी) घशात. चारही वेळा हात आपोआप चिमट्याकडे जातो. तो आधी थांबवा. घाईत ओढलेला काटा मोडतो, ढकललेला मणी आत सरकतो, आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. अडकलेली वस्तू काढण्याचा पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा असतो. तो फसला की जागा सुजते, रक्त येतं, मूल घाबरून कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि पुढच्या माणसाला, मग तो डॉक्टर का असेना, तीच वस्तू काढणं दुप्पट कठीण जातं.

म्हणून चिमटा उचलण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा: वस्तू कशाची आहे, कुठे आहे आणि केव्हापासून आहे. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. लाकूड, काटा, कुसळ या वनस्पतीच्या वस्तू आत राहिल्या की सडतात आणि पू धरतात. काच आणि बहुतेक धातू बराच काळ गुपचूप पडून राहू शकतात. डाळ-बी ओलाव्याने फुगते. बटण सेल तासा-दोन तासांत मांस जाळतो. चारही वस्तू एकाच नाकपुडीत असल्या, तरी चौघांना चार वेगळे उपाय लागतील.

आत काही राहिलंय हे कशावरून ओळखायचं?

वरून जखम भरलेली दिसते, पण बोट टेकवलं की एकाच बिंदूत कळ येते. आजूबाजूला दाबल्यावर तेवढं दुखत नाही. जखम भरते, चार दिवसांनी पुन्हा ओली होते, थोडा पू येतो, पुन्हा सुकते. औषधाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि गोळ्या संपल्या की ठणका परत सुरू होतो. असं दोनदा झालं, तर आत काहीतरी आहे असं धरूनच चाला. तळपायाला कुरूप म्हणून महिनोन्‌महिने कापत बसलेल्या गाठीतही कधी कधी मोडलेल्या काट्याचं टोक निघतं. सांध्याजवळ काटा गेला असेल आणि काही आठवड्यांनी तो सांधा सुजला, तर काट्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. एरवी तो संधिवात समजला जातो.

बारीक कुसळ डोळ्यांना दिसत नसेल, तर कापसाचा मोकळा पुंजका त्वचेवरून अलगद फिरवा. जिथे कापसाचा धागा अडतो, तिथे टोक आहे. विजेरीचा उजेड वरून सरळ टाकण्यापेक्षा बाजूने, त्वचेला जवळजवळ समांतर टाका. उंचवट्याची सावली पडते आणि टोक उठून दिसतं.

एक्स-रेबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे, की काच त्यात दिसत नाही. दिसते. 2 मिलिमीटरहून मोठा काचेचा तुकडा साध्या एक्स-रेमध्ये बहुधा सापडतो. लाकूड, काटा आणि प्लास्टिक मात्र बहुतेकदा दिसत नाहीत आणि अ‍ॅल्युमिनियम फिकट दिसतं. म्हणजे लाकडाची फास लागली असेल आणि एक्स-रे कोरा आला, तर त्यावरून आत काही नाही असं ठरत नाही. अशा वेळी सोनोग्राफी उपयोगाची. एक्स-रे काढताना दोन दिशांनी काढावा लागतो, समोरून आणि बाजूने. एकाच चित्रात वस्तू किती खोल आहे ते कळत नाही. जखमेच्या तोंडाशी वाकवलेली कागदाची पिन चिकटवून एक्स-रे काढला, तर तुकडा तोंडापासून किती दूर गेलाय तेही मोजता येतं.

फास, काटा, काच: घरी काढण्याजोगं

वर दिसणारी, उथळ, एकेरी वस्तू घरी काढायला हरकत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवा, मग ती जागा. लाकडाची फास असेल तर पाण्यात भिजवत ठेवू नका. लाकूड फुगतं, त्याचे तंतू सुटतात आणि ओढल्यावर तुकडे पडतात. धुतलं की लगेच कोरडं करा. चिमटा टोकदार हवा, बोथट चिमटा त्वचाच पकडतो. चिमटा आणि सुई 70 टक्के अल्कोहोलने पुसा किंवा 10 मिनिटं उकळा. सुई ज्योतीवर धरली तर तिला काजळी चढते आणि ती जखमेत जाते, म्हणून ती सवय सोडलेली बरी.

टोक बाहेर असेल तर चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत पकडा आणि ज्या कोनातून आत गेलंय त्याच कोनातून, सावकाश, एकाच ओढीत बाहेर काढा. वरच्या दिशेने उचकटलं की मोडतं. फास त्वचेखाली आडवी पडलेली असेल, तर तिच्यावरची मेलेली पातळ त्वचा सुईच्या टोकाने फासेच्या लांबीला धरून उघडा, आडवी नव्हे. फासेचं मागचं टोक सुईने उचला आणि मग चिमट्यात धरा. बोटांनी पिळून काढायचा मोह होतो. पिळल्याने कुजकं लाकूड आतच चुरतं.

निघालेली फास कागदावर ठेवून तिची टोकं बघा. आत रुतलेलं टोक निमुळतं आणि अखंड असेल तर काम झालं. ते तुटकं, कच्चं दिसत असेल तर उरलेला भाग आत आहे. मग जागा पुन्हा धुवा, थोडं रक्त येत असेल तर येऊ द्या, स्वच्छ पट्टी लावा आणि दोन-तीन दिवस लक्ष ठेवा.

दोन प्रयत्न किंवा 10 मिनिटं, यापैकी जे आधी संपेल तिथे थांबा. नखाखालच्या फासेचं टोक दिसत असेल, तर नखाचा तेवढाच भाग इंग्रजी व्हीच्या आकारात कापून ती पकडता येते. टोक दिसत नसेल तर डॉक्टर बोट बधिर करून दोन मिनिटांत काढतात. न बधिरता नखाखाली सुई घालणं म्हणजे स्वतःला उगाच छळणं.

निवडुंगाची लव किंवा काचतंतूंसारखे असंख्य बारीक काटे असतील, तर एकेक काढत बसू नका. मोठे काटे चिमट्याने काढा. उरलेल्यांवर साधा पांढरा डिंक लावा, त्यावर जाळीदार कापडाचा एक थर बसवा आणि पूर्ण वाळू द्या. अर्ध्या तासाने कापड एका कडेने सोलत आणा. चिकटपट्टीनेही बरेच निघतात, पण ती घासू नका, दाबून सरळ उचला.

काच पारदर्शक असल्याने फसवते. धुताना पाण्याची धार जखमेत सोडा, बोट आत घालून चाचपू नका, कारण तुमचंच बोट कापेल. अनेक तुकडे असतील, बोटाचं टोक बधिर झालं असेल किंवा बोट वाकवता येत नसेल, तर मज्जातंतू किंवा स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी (कंडरा) कापली असण्याची शक्यता असते. ते काम घरचं नाही.

बुटाच्या रबरी तळव्यातून खिळा पायात घुसला, तर जखम टिकलीएवढी दिसते आणि लोक ती सोडून देतात. पण तळव्याच्या ओलसर थरात स्यूडोमोनास नावाचे जंतू असू शकतात. ते खिळ्याबरोबर खोल जातात आणि हाडापर्यंत पोचू शकतात. रबराचा बारीक तुकडाही आत राहू शकतो. दोन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर पाय दाखवाच.

धनुर्वाताची लस अशा प्रत्येक जखमेशी जोडलेली आहे. लसीचा मूळ क्रम पूर्ण असेल तर स्वच्छ, लहान जखमेसाठी शेवटची मात्रा 10 वर्षांच्या आतली चालते. मातकट, खोल जखमेसाठी 5 वर्षांच्या आतली हवी. मात्रा कधी घेतली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

मासे पकडायचा गळ रुतला तर त्याचा उलटा दात मांसाला धरून ठेवतो, म्हणून सरळ ओढून तो निघत नाही. हाता-पायाच्या मांसल भागात, एकाच दाताचा गळ असेल तर दोरीची युक्ती चालते. गळाच्या वळणात मजबूत दोरीचा फास अडकवा. गळाची दांडी बोटाने त्वचेकडे दाबून धरा, त्यामुळे आतला दात मांसातून सुटतो. मग दोरी त्वचेला समांतर, एकाच जोरदार हिसक्याने ओढा. दांडी दाबलेली नसेल तर हिसक्याने फक्त मांस फाटतं. गळ उडून येतो, म्हणून समोर कुणी उभं राहू नये. डोळ्याजवळ, मानेत किंवा सांध्यात रुतला असेल तर ही युक्ती करायची नाही.

चाकू, सळई, मोठी काच अशी खोल रुतलेली वस्तू जागेवर कधीच काढू नका. फाटलेली रक्तवाहिनी तिच्यामुळेच दाबलेली असू शकते. दोन्ही बाजूंना कापडाच्या जाड गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधा आणि तशीच दवाखान्यात न्या.

सगळंच काढलं पाहिजे असंही नाही. स्नायूत खोल बसलेला, न दुखणारा धातूचा छोटा तुकडा शोधताना जेवढी कापाकापी होते, तेवढा त्रास तो देत नाही. शल्यविशारद तो राहू देतात. याला मोठा अपवाद सांध्यातल्या शिशाचा. सांध्याच्या द्रवात शिसं विरघळतं आणि रक्तात जातं, त्यामुळे ते काढावंच लागतं.

डोळा

चोळू नका. कण पापणीखाली असेल, तर चोळल्याने तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर कानशीसारखा फिरतो. लेन्स असेल तर काढा. डोळा उघडा धरून स्वच्छ कोमट पाणी नाकाकडून कानाकडे वाहील असं सोडा, 5 ते 10 मिनिटं. खालची पापणी ओढून बघा. तिथे कण दिसला तर ओल्या, स्वच्छ कापडाच्या कोपऱ्याने टिपून घ्या.

खाली काही नाही, पण प्रत्येक उघडझापीला खुपतंय, तर कण बहुधा वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला चिकटलेला आहे. खाली बघायला सांगा. वरच्या पापण्यांचे केस चिमटीत धरा, पापणीच्या कडेपासून साधारण 1 सेंटिमीटर वर कापसाची काडी आडवी टेकवा आणि पापणी काडीवरून वर उलटवा. लालसर आतली बाजू दिसेल आणि कण बहुतेकदा कडेच्या जवळच सापडतो. ओल्या काडीने टिपा. वर बघायला सांगितलं की पापणी आपोआप सुलटी होते.

बुबुळावर बसलेल्या कणाला मात्र काडी, कापड, सुई काहीही लावायचं नाही. पाण्याने गेला तर गेला, नाहीतर नेत्रतज्ज्ञ. लोखंडाचा कण असेल तर भोवती काही तासांतच गंजाचं वर्तुळ धरायला लागतं आणि तेही सूक्ष्मदर्शकाखाली खरवडावं लागतं. कण निघाल्यावरही ओरखड्यामुळे दिवसभर खुपल्यासारखं वाटतं. 24 तासांनंतरही तसंच असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर दाखवा. डोळा बधिर करणारे थेंब घरी वापरू नका. दुखणं थांबतं, पण जखम भरणंही थांबतं.

हातोडा-छिन्नीचं काम करताना डोळ्यात काही उडालं असेल, तर दुखतंय की नाही यावर जाऊ नका. धातूवर धातू आपटून सुटलेली बारीक ठिणगी इतक्या वेगाने जाते की ती डोळ्याच्या आत शिरते आणि बाहेर नाममात्र खूण राहते. सुरुवातीला दिसतंही नीट. बाहुली गोल न राहता थेंबासारखी ओढलेली दिसली, तर डोळा भेदला गेला आहे असं समजा. कागदी पेल्याचा बूड डोळ्यावर दाब न येता टेकवून चिकटवा आणि थेट रुग्णालय गाठा. धातूचा संशय असेल तर एमआरआय करायचा नाही, चुंबकाने तुकडा डोळ्यातच फिरतो. ते सीटी स्कॅनमध्ये बघतात.

चुना किंवा सिमेंट गेलं असेल तर ही सगळी पायरीपद्धत बाजूला ठेवा. लगेच, जिथे असाल तिथल्या पाण्याने, निदान 30 मिनिटं धुवा. पापण्यांखाली राहिलेले खडे निघेपर्यंत जाळणं चालूच राहतं, म्हणून पापण्या उलटवून धुवायच्या.

कान आणि नाक

कानात जिवंत किडा असेल तर तो फडफडतो तेव्हाच जास्त त्रास होतो. आधी त्याला मारा. डोकं कलतं करा, मोठ्या माणसाचा कान वर-मागे ओढा, लहान मुलाचा खाली-मागे, आणि अंगाच्या उबेइतकं कोमट खाद्यतेल काही थेंब सोडा. किडा थांबला की डॉक्टरांकडे जाऊन तो काढून घ्या. पडद्याला भोक असेल, कानात नळी बसवलेली असेल किंवा कान वाहत असेल तर काहीही सोडू नका.

मणी आणि खडू यांच्यावर चिमटा चालत नाही. गोल वस्तू चिमट्याच्या टोकांतून निसटते आणि कानाच्या अरुंद भागापलीकडे, पडद्याजवळ जाऊन बसते. डॉक्टर वाकडी आकडी वस्तूच्या मागे नेऊन पुढे ओढतात किंवा शोषनळी लावतात. डाळ, बी, कागद असेल तर पाण्याची पिचकारी नको, फुगून घट्ट बसतं. पिचकारी चालते तेव्हाही पाणी 37 अंशांच्या आसपास हवं. गार पाण्याने गरगरतं आणि उलटी होते.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर ती सर्दी नव्हे. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आत वस्तू आहे असंच समजायचं.

नाकासाठी एक उपाय पालकांच्याच हातात आहे आणि तो आधी करून बघण्यासारखा आहे. मुलाला मांडीवर घ्या. मोकळी नाकपुडी बोटाने बंद करा. आपलं तोंड मुलाच्या तोंडावर पूर्ण बसवा आणि एक छोटी, झटकन फुंकर मारा. हवा घशातून वर येते आणि अडकलेल्या नाकपुडीतून वस्तूला पुढे ढकलते. पहिल्या फुंकरीला पूर्ण निघाली नाही तरी पुढे सरकते. मोठी मुलं मोकळी नाकपुडी दाबून स्वतःच शिंकरू शकतात, पण त्यांना आधी तोंडाने श्वास घ्यायला सांगा, नाहीतर ती नाकाने ओढतात. काडी, पिन, बोट आत घालून ढकललं तर वस्तू मागून घशात आणि तिथून श्वासनळीत जाऊ शकते. खरा धोका तो.

घसा आणि श्वासनळी

जोरात खोकत असेल, बोलत असेल, रडत असेल, तर खोकू द्या. पाठीवर मारू नका. आवाज बंद झाला, खोकला निष्फळ झाला, ओठ निळे पडू लागले, की हात घाला. पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये मनगटाजवळच्या तळहाताने 5 जोरदार थापा मारा. वस्तू निघाली नाही तर मागून कवेत घ्या. बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवा आणि आत-वर असे 5 झटके द्या. थापा आणि झटके आळीपाळीने चालू ठेवा. हेन्री हाइमलिक यांनी 1974 साली मांडलेला हाच तो पोटाचा झटका. गरोदर बाईला तो पोटावर न देता छातीवर द्यायचा. एक वर्षाखालच्या बाळालाही पोटावर कधीच नाही. बाळ हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर 5 थापा. मग उताणं करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर 5 दाब. तोंडात वस्तू दिसत असेल तरच बोटाने काढा. न दिसणारी वस्तू चाचपत बोट घातलं की ती आणखी आत जाते. माणूस बेशुद्ध पडला तर 30 छातीदाब आणि 2 श्वास. प्रत्येक वेळी श्वास देण्याआधी तोंडात डोकवा. पोटाचे झटके दिलेल्या प्रत्येकाची नंतर तपासणी करून घ्या, आत इजा होऊ शकते.

जास्त फसवं प्रकरण वेगळंच असतं. मुलाला शेंगदाणा खाताना ठसका लागतो, दोन मिनिटं घाबरतं, मग शांत होतं आणि खेळायला लागतं. घरचे म्हणतात, गिळला. पण दाणा बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या नळीत असू शकतो, कारण ती डावीपेक्षा रुंद आणि सरळ उतरती असते. पुढे खोकला, एकाच बाजूला शिट्टीसारखा आवाज, एकाच जागी पुन्हापुन्हा न्यूमोनिया. दाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि एक्स-रे कोरा येऊ शकतो. म्हणून ठसका लागला होता हे वाक्य डॉक्टरांना सांगणं सर्वांत मोलाचं. त्यावरूनच दुर्बीण टाकायचं ठरतं. गुस्ताव किलियान यांनी 1897 साली उजव्या नळीतलं हाड असंच दुर्बिणीने काढलं, तेव्हापासून छाती न उघडता हे काम होऊ लागलं.

माशाचा काटा घशात टोचत असेल, तर मोठा कोरडा घास गिळून तो उतरवायला जाऊ नका. बहुतेक काटे टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी असतात आणि तोंडातून दिसतात. घासाने ते खोल रुततात.

गिळलेली नाणी, चुंबक आणि बटण सेल

नाणं पोटात उतरलं की बहुधा आपसूक बाहेर पडतं. अन्ननलिकेत अडकलं तर 24 तासांच्या आत एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून काढतात. लाळ गळत असेल, गिळता येत नसेल किंवा छातीत दुखत असेल, तर तेवढंही न थांबता लगेच न्या. 6 सेंटिमीटरहून लांब किंवा 2.5 सेंटिमीटरहून रुंद वस्तू जठरातून पुढे सरकणं अवघड. गिळलेलं काढायला उलटी करवू नका आणि जुलाबही देऊ नका.

दोन किंवा अधिक चुंबक गिळले असतील, तर मूल कितीही हसतंखेळतं असलं तरी लगेच न्या. आतड्यांच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना पकडतात आणि मधली भिंत चेपून तिला भोक पडतं.

बटण सेलची घाई सर्वांत मोठी. 20 मिलिमीटर व्यासाचा लिथियमचा सेल अन्ननलिकेत नेमका अडकतो. तो गळतो म्हणून जाळतो असं लोकांना वाटतं. खरं कारण त्याचा प्रवाह. ओल्या मांसातून वीज वाहते, ऋण टोकापाशी तीव्र अल्क (कॉस्टिक सोड्यासारखा जाळणारा पदार्थ) तयार होतो आणि दोन तासांतच खोल भाजतं. वापरून संपलेल्या, खेळण्यात न चालणाऱ्या सेलमध्येही एवढं करायला पुरेसा विद्युतदाब उरलेला असतो. नाकात आणि कानातही तसंच, म्हणून तिथे थेंब किंवा पाणी सोडायचं नाही. एक्स-रेमध्ये नाणं एकसंध चकतीसारखं दिसतं. सेलला कडेने दुहेरी वर्तुळ दिसतं आणि बाजूने पायरी. ही पायरी शोधायला तंत्रज्ञाला सांगा.

सेल गिळून 12 तास झाले नसतील, मूल एक वर्षाहून मोठं असेल आणि गिळता येत असेल, तर दवाखान्याच्या वाटेवर दर 10 मिनिटांनी 2 छोटे चमचे, म्हणजे 10 मिली मध द्या, जास्तीत जास्त 6 वेळा. मध सेलवर लेप धरतो आणि भाजणं मंदावतं. मधासाठी थांबू मात्र नका, घरात नसेल तर तसेच निघा. मध सोडून दुसरं खाणंपिणं बंद. जोडीचा सेल किंवा त्याचं वेष्टन बरोबर घ्या, त्यावरचा क्रमांक डॉक्टरांना लागतो.

सेल काढला म्हणून धोका संपत नाही. भाजलेला भाग पुढेही खचत जातो आणि दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी शेजारच्या महाधमनीपर्यंत भोक पडू शकतं. त्या काळात उलटीत थोडं जरी रक्त दिसलं, शौच काळी झाली किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की या मुलाने बटण सेल गिळला होता.